एका गाठीवर किरण, दुसऱ्या गाठीला गुण?

कॅन्सरच्या उपचारांची आपल्या मनात साधारण अशी विभागणी असते. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हे स्थानिक उपाय, म्हणजे जिथे गाठ तिथेच इलाज. केमोथेरपी आणि अलीकडची इम्युनोथेरपी हे सर्वांगाचे उपाय, कारण ते रक्तावाटे सगळीकडे पोहोचतात. ही विभागणी बहुतांशी बरोबर आहे. पण तिला एक चमत्कारिक वाटावा असा अपवाद आहे. फार क्वचित असे घडते की, किरण एका गाठीवर दिले जातात आणि शरीरात दूर कुठेतरी असलेली, किरणांचा स्पर्शही न झालेली गाठ लहान होऊ लागते, कधी कधी दिसेनाशीही होते.

ही ऐकीव गोष्ट नाही. वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांच्या रीतसर नोंदी आहेत. या घटनेला ‘ॲब्स्कोपल परिणाम’ म्हणतात. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, डॉक्टर नव्हे. पण गेल्या वर्षी हा शब्द आमच्या घरात येऊन बसला आणि त्याच्यापाठोपाठ लाखो रुपयांचा एक प्रश्नही आला. तेव्हा जे वाचले, डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, ते आपल्या मंडळाच्या वाचकांपुढे ठेवत आहे. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील भारतात आहेत, आणि त्यांच्या आजारपणाचे निर्णय रात्रीच्या फोनवर घ्यावे लागतात. अशा वेळी थोडी माहिती आधीपासून हाताशी असलेली बरी.

हा शब्द आला कुठून?

आर. एच. मोल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ साली हा शब्द तयार केला. ‘ॲब’ म्हणजे पासून दूर आणि ‘स्कोपस’ म्हणजे नेम धरण्याचे लक्ष्य. नेम एकीकडे आणि परिणाम दुसरीकडे, असा त्याचा सरळ अर्थ. मोल यांनी शब्द दिला खरा, पण असे का होते हे त्या काळी सांगता येत नव्हते. पुढची कित्येक वर्षे अधूनमधून एखादा डॉक्टर एखाद्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध करी आणि विषय तिथेच थांबे.

या हकीकती किती असाव्यात? २०१६ साली काही संशोधकांनी १९६९ ते २०१४ या काळातले वैद्यकीय साहित्य चाळून अशा नोंदी एकत्र केल्या. त्यांना मिळालेल्या रुग्णांची संख्या होती ४६. जगात दरवर्षी लाखो लोक किरणोपचार घेतात आणि पंचेचाळीस वर्षांत प्रसिद्ध झालेल्या नोंदी ४६! प्रत्येक घटना लिहून प्रसिद्ध होत नाही हे मान्य केले, तरी ही गोष्ट किती दुर्मिळ आहे याचा अंदाज येतो.

शरीरात नेमके घडते काय?

किरण स्वतः गाठीतून गाठीत प्रवास करत नाहीत. दूरचे काम करते ती आपली स्वतःची प्रतिकारशक्ती.

कॅन्सरच्या पेशी आपल्याच शरीरातून उपजलेल्या असतात. त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना त्या चटकन परक्या वाटत नाहीत. शिवाय त्या स्वतःला लपवण्याच्या युक्त्याही करतात. किरणांचा मारा झाला की गाठीतल्या पेशी मरतात, फुटतात आणि त्यांच्या आतली प्रथिने बाहेर पडतात. जवळपासच्या डेंड्रायटिक पेशी हा माल उचलून लसिका ग्रंथींत नेतात आणि तिथल्या टी-पेशींना दाखवतात. ‘हा शत्रू, याचा चेहरा नीट पाहून ठेवा’ असे म्हणण्यासारखेच हे. ओळख पटलेल्या टी-पेशी वाढतात, रक्तातून सगळीकडे फिरतात आणि तोच चेहरा दुसऱ्या गाठीत दिसला की तिथेही हल्ला करतात.

माझ्या व्यवसायातल्या वाचकांना अँटिव्हायरसचे उदाहरण लगेच पटेल. एका मशीनवर व्हायरसचा नमुना सापडला की त्याची खूण यादीत जाते आणि मग बाकीची सगळी मशीन तीच खूण शोधू लागतात. किरणोपचाराने मिळतो तो नमुना.

यामागे प्रतिकारशक्तीच आहे हे न्यूयॉर्क विद्यापीठातल्या सँड्रा डेमारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली उंदरांवरच्या प्रयोगात दाखवले. उंदरांच्या दोन्ही कुशींत स्तनाच्या कॅन्सरची गाठ वाढवली, एकाच बाजूला किरण दिले आणि डेंड्रायटिक पेशी वाढवणारे एक औषध जोडीला दिले. दुसऱ्या बाजूच्या गाठीची वाढही मंदावली. मग त्यांनी दोन गोष्टी तपासल्या. ज्या उंदरांत टी-पेशीच नव्हत्या त्यांच्यात दूरचा परिणाम दिसला नाही. आणि दुसऱ्या कुशीत वेगळ्याच जातीचा कॅन्सर असेल, तर त्याच्यावरही परिणाम झाला नाही. म्हणजे टी-पेशी हव्यात आणि चेहरा तोच हवा. मला हा प्रयोग फार आवडला, कारण एकेक तार काढून दिवा कधी विझतो ते पाहण्याची ही जुनी इंजिनिअरिंगची रीत आहे.

२०१२ साली गाजलेली रुग्ण

या विषयाकडे सगळ्यांचे लक्ष वेधले ते मार्च २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या एका रुग्णाच्या हकिकतीने. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये उपचार घेणाऱ्या या स्त्रीला मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर होता आणि तो शरीरात पसरला होता. २००९ पासून तिला इपिलिम्युमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध चालू होते. तरीही आजार हळूहळू वाढत होता. पाठीच्या कण्याजवळच्या गाठीने वेदना होऊ लागल्या म्हणून डिसेंबर २०१० मध्ये त्या एका गाठीवर तीन बैठकांत मिळून २८.५ ग्रे इतके किरण दिले. (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक.) ऑक्टोबर २०११ च्या स्कॅनमध्ये ती गाठ तर आक्रसलेली दिसलीच, पण फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या लसिका ग्रंथी आणि प्लीहेतल्या गाठी, ज्यांना किरण दिलेच नव्हते, त्याही लहान झाल्या होत्या. तिच्या रक्तातही प्रतिकारशक्ती जागी झाल्याच्या खुणा सापडल्या.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. किरण दिले होते वेदनेसाठी. दूरचा परिणाम हा अनपेक्षित लाभ होता. आणि औषध आधीपासून चालू होते. टी-पेशींना शरीरानेच काही ब्रेक लावलेले असतात. ते नसते तर त्यांनी आपल्याच अवयवांवर हल्ला केला असता. इपिलिम्युमॅब, निवोल्युमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधे हे ब्रेक सैल करतात. या ब्रेकच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. किरणांनी शत्रूचा चेहरा दाखवायचा आणि औषधाने ब्रेक सोडायचा, अशी ही जोडी जुळेल अशी आशा २०१२ नंतर जगभर निर्माण झाली.

मग प्रत्येकाला गुण का येत नाही?

कारण किरण दोन्ही बाजूंनी काम करतात. ते कॅन्सरच्या पेशी मारतात, तसेच रक्तातल्या टी-पेशीही मारतात. किरण घेतल्यानंतर पांढऱ्या पेशी कमी होतात हे अनेकांनी घरच्या रुग्णाच्या रिपोर्टात पाहिले असेल. ज्यांच्या जोरावर दूरचा हल्ला व्हायचा, ते शिपाईच कमी पडतात.

मात्रेचेही गणित सरळ नाही. जितके जास्त किरण तितका दूरचा परिणाम मोठा, असे नसते. उंदरांवरील प्रयोगांत एका दमात दिलेल्या २० ग्रेपेक्षा आठ-आठ ग्रेच्या तीन बैठका दूरच्या गाठीसाठी अधिक उपयोगी ठरल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याचे एक कारण पुढे आले. मात्रा फार मोठी झाली की पेशीत असे एक विकर तयार होते, जे फुटलेल्या डीएनएचे तुकडे साफ करून टाकते. हे तुकडेच तर प्रतिकारशक्तीला धोक्याची घंटा वाजवून सांगत असतात. घंटाच काढून घेतली तर पहारेकरी जागा व्हायचा कसा? शिवाय प्रत्येक कॅन्सर वेगळा, आणि एकाच माणसाच्या दोन गाठींचे चेहरेही थोडेफार वेगळे असू शकतात.

चाचण्या काय सांगतात?

एखाद्याला गुण आला, ही झाली हकीकत. चाचणीत दोन गट करून तुलना होते. आमच्या कामात एखादी गोष्ट एकदा घडली तर ती खोटी म्हणून कोणी झटकत नाही, पण ती पुन्हा पुन्हा घडवून दाखवता येत नाही तोवर तिच्या भरवशावर कोणी प्रॉडक्ट विकायला काढत नाही. औषधातही हाच नियम आहे.

२०१५ साली न्यूयॉर्कच्या एका चाचणीत पसरलेल्या कॅन्सरच्या ४१ रुग्णांना एका गाठीवर किरण आणि जोडीला प्रतिकारशक्ती चेतवणारे एक औषध दिले. त्यांतल्या ११ जणांत किरण न दिलेली निदान एक गाठ लक्षणीय लहान झाली. आशादायक खरे, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

नेदरलँड्समध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ७६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नुसते पेम्ब्रोलिझुमॅब, दुसऱ्याला आधी एका गाठीवर आठ ग्रेच्या तीन बैठका आणि मग तेच औषध. २०१९ साली निकाल आला. बारा आठवड्यांनंतर पहिल्या गटात १८ टक्के तर दुसऱ्यात ३६ टक्के रुग्णांना गुण आला. आकडा दुप्पट दिसतो, पण संशोधकांनी आधी ठरवलेली यशाची रेषा त्याने ओलांडली नाही. ही आणि अमेरिकेतली एक चाचणी एकत्र करून २०२१ साली १४८ रुग्णांचा हिशोब मांडला गेला. त्यात किरण न लागलेल्या गाठींचा प्रतिसाद १९.७ टक्क्यांवरून ४१.७ टक्क्यांवर गेलेला दिसला.

आता नाण्याची दुसरी बाजू. त्याच वर्षी, म्हणजे २०२१ मध्ये, डोके व मान या भागातल्या कॅन्सरच्या ६२ रुग्णांवरील चाचणीचा निकाल आला. नुसत्या निवोल्युमॅबने ३४.५ टक्के रुग्णांना गुण आला, आणि जोडीला एका गाठीवर किरण दिल्यावर २९ टक्क्यांना. म्हणजे किरणांनी काही भर घातली नाही.

एवढ्यावरून सामान्य माणसाने काय समजावे? परिणाम खरा आहे. काही कॅन्सरमध्ये, काही औषधांबरोबर त्याची शक्यता वाढत असावी. पण तो हुकमी नाही, आणि कोणाला गुण येईल हे आधी सांगण्याची खात्रीची तपासणी डॉक्टरांच्या हाती आलेली नाही.

आमच्या घरचा प्रश्न

माझे सासरे पुण्यात असतात. किडनीचा कॅन्सर, दोन्ही फुप्फुसांत छोट्या गाठी आणि एक गाठ खुब्याच्या हाडात. निवोल्युमॅब चालू होते आणि त्याचा खर्च मेहुणा आणि आम्ही मिळून करत होतो. खुब्याचे दुखणे इतके वाढले होते की त्यांना रात्री कूस बदलता येत नसे. अशात एका खासगी केंद्राने सुचवले की फुप्फुसातल्या एका गाठीवर मोठ्या मात्रेचे किरण द्यावेत, म्हणजे ‘बाकीच्या गाठीही आपोआप जातील’. त्याचे एक पॅकेज होते, आणि त्या रकमेत औषधाचे चार डोस बसत होते.

मेहुण्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज आनंदाने भरून आला होता. बाबा स्वतः म्हणाले, “जावईबापू, एका दगडात चार पक्षी मरत असतील तर मारू या की.” त्यांना नाही म्हणणे सोपे नव्हते. मी आणि माझी पत्नी आठवडाभर वाचत बसलो आणि नंतर दोन तज्ज्ञांना विचारले, एक पुण्यातले आणि एक इथले. दोघांनी वेगवेगळ्या शब्दांत तेच सांगितले: खुब्याला किरण जरूर द्या, कारण तिथे वेदना आहे आणि तिथला लाभ जवळजवळ हमखास आहे. फुप्फुसातली गाठ काही त्रास देत नाही; तिला केवळ दूरच्या परिणामाच्या आशेवर किरण द्यायचे, तर फुप्फुसाला सूज येण्याचा धोका मात्र खरा आहे. शिवाय इम्युनोथेरपीने स्वतःहूनही गाठी लहान होतात, आणि किडनीच्या कॅन्सरमध्ये तर क्वचित काहीच न करता गाठी लहान झाल्याच्या नोंदी आहेत. उद्या गाठी कमी झाल्या तर श्रेय कोणाला द्यायचे, हेही कळणार नाही.

आम्ही खुब्यावर एकाच बैठकीत किरण दिले. पॅकेजचे पैसे औषधासाठी ठेवले. तीन आठवड्यांत बाबांची रात्रीची झोप परतली, आता ते काठी घेऊन सोसायटीच्या बागेपर्यंत जातात. फुप्फुसातल्या गाठी जशा होत्या तशाच आहेत, वाढलेल्या नाहीत. ॲब्स्कोपल परिणाम काही आम्हाला दिसला नाही. पण किरण ज्यासाठी दिले होते ते काम त्यांनी चोख केले.

खर्चाची बाजू

हाडातल्या वेदनेसाठी एक माहिती फार उपयोगी आहे. गुंतागुंत नसलेल्या हाडाच्या गाठीत आठ ग्रेची एकच बैठक वेदना कमी करण्याच्या बाबतीत अनेक बैठकांइतकीच गुणकारी ठरते, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. पुढे पुन्हा किरण देण्याची गरज एका बैठकीनंतर जरा जास्त पडते, एवढाच फरक. थकलेल्या रुग्णाच्या फेऱ्या आणि पैसे दोन्ही वाचतात. कोणाला चालेल हे अर्थात डॉक्टरांनी ठरवायचे.

खरा मोठा खर्च इम्युनोथेरपीचा. या बाबतीत मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०२३ साली प्रसिद्ध केलेले काम आपल्याला अभिमान वाटावा असे आहे. डोके व मान यांच्या बळावलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांबरोबर निवोल्युमॅबची फक्त २० मिलिग्रॅमची मात्रा दर तीन आठवड्यांनी दिली. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळतो. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. हा निष्कर्ष त्या कॅन्सरपुरता आहे, सरसकट सगळीकडे लावू नये. पण आपल्याकडचा रुग्ण या गटातला असेल तर डॉक्टरांना जरूर विचारावे.

अमेरिकेत राहणाऱ्यांना किरण आणि इम्युनोथेरपीची जोडी हवी असेल तर रीतसर चाचणीत भाग घेणे हा उत्तम मार्ग. चाचणीतल्या रुग्णाचा नेहमीचा खर्च, म्हणजे तपासण्या, डॉक्टरांची फी वगैरे, मेडिकेअर २००० सालापासून देते. २०१४ पासून बहुतेक खासगी विमा कंपन्यांवर आणि २०२२ पासून मेडिकेडवरही तसे बंधन आहे. मात्र इथे पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांचा व्हिजिटर्स इन्शुरन्स आधीपासूनचा आजार सहसा धरत नाही. ‘इकडे आणून उपचार करू’ असे ठरवण्याआधी पॉलिसीची ती ओळ वाचावी. भारतात २००९ पासून प्रत्येक चाचणीची सरकारी नोंदणी सक्तीची आहे. कोणी ‘प्रयोग’ म्हणून उपचार सुचवत असेल तर नोंदणी क्रमांक मागावा. क्रमांक नाही आणि पॅकेज मात्र आहे, असे असेल तर थांबावे.

डॉक्टरांना काय विचारावे?

१. हे किरण कशासाठी? वेदना, रक्तस्राव, मज्जारज्जूवरचा दाब, की दूरच्या परिणामाची आशा?

२. दूरचा परिणाम दिसलाच नाही, तरी हे किरण देणे योग्य ठरेल का? उत्तर ‘हो’ असेल तर निर्णय सोपा. ‘नाही’ असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

३. याच कॅन्सरमध्ये, याच औषधाबरोबर तुलनात्मक चाचणी झाली आहे का? निकाल काय?

४. ज्या अवयवावर किरण देणार त्याला धोका किती?

५. यासाठी चालू औषध थांबवावे किंवा पुढे ढकलावे लागेल का?

६. हेच पैसे दुसऱ्या कोणत्या उपचाराला अधिक उपयोगी पडतील?

यातला दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०१२ ची ती स्त्री असो की आमचे बाबा, दोघांनाही किरण दिले ते जिथे दुखत होते तिथे, आणि त्या कारणासाठी ते योग्यच होते. पुढे दूरच्या गाठीलाही गुण आला तर आनंदच, पण घरातली पुंजी त्या भरवशावर लावू नये.

हा लेख वाचून कोणी स्वतःचे उपचार बदलू नयेत, ही विनंती. आपल्या डॉक्टरांशी बोलावे. सर्व वाचकांना आणि त्यांच्या दूरदेशीच्या आईवडिलांना उत्तम आरोग्य लाभो, हीच सदिच्छा.